काशी, क्योटो आणि आमचे इन्स्पेक्शन

गेल्या सत्रात आमच्या शाळेत इंटर-हाउस वादविवाद स्पर्धा झाली. विषय होता, ‘काशीचे क्योटो व्हावे’. मी अनुकूल बाजूने बोललो आणि मला पहिले बक्षीस मिळाले. आज मी या पानावर जे लिहितो आहे ते त्या भाषणाच्या विरुद्ध आहे. सगळे विरुद्ध नाही, पण अर्ध्याहून जास्त आहे.

हा विषय सरांनी उगीच निवडला नव्हता. ३० ऑगस्ट २०१४ रोजी आपले पंतप्रधान जपानला गेले असताना वाराणसी आणि क्योटो ही भागीदार शहरे व्हावीत असा करार झाला. दोन्ही शहरे जुनी, दोन्ही देवळांची. क्योटो ७९४ सालापासून १८६८ पर्यंत जपानची राजधानी होती. काशी तर त्याहूनही प्राचीन. पुढे १२ डिसेंबर २०१५ रोजी जपानचे पंतप्रधान शिंजो आबे दशाश्वमेध घाटावर गंगा आरतीला येऊन बसले. जपानच्या मदतीने बांधलेले ‘रुद्राक्ष’ नावाचे १२०० आसनांचे सभागृह १५ जुलै २०२१ रोजी काशीत सुरू झाले. एवढी माहिती मी लायब्ररीतून काढली होती.

भाषणात मी जपानबद्दल तीन मुद्दे मांडले. पहिला वेळेचा. नोव्हेंबर २०१७ मध्ये टोकियोजवळची एक लोकल २० सेकंद लवकर सुटली, म्हणून रेल्वे कंपनीने जाहीर माफी मागितली. दुसरा स्वच्छतेचा. १९९५ साली टोकियोच्या मेट्रोत विषारी वायूचा हल्ला झाला, त्यानंतर तिथे सार्वजनिक जागांवरच्या पुष्कळ कचराकुंड्या काढून टाकल्या. तरी रस्ते स्वच्छ आहेत, कारण लोक आपला कचरा पिशवीत घालून घरी नेतात. तिसरा शाळेचा. तिथली मुले आपला वर्ग आपणच झाडतात, पुसतात. मग मी आवाज चढवून म्हणालो, ‘‘आणि आमची काशी? गल्लीत गाय, भिंतीवर पानाची पिंक आणि नदीत निर्माल्य!’’ टाळ्या पडल्या.

परीक्षक सरांनी शेवटी एकच प्रश्न विचारला, ‘‘कॅडेट, यातले तू स्वतः काय पाहिले आहेस?’’ मी सावधान उभा राहून म्हणालो, ‘‘सर, काहीच नाही.’’ सगळे हसले. बक्षीस मात्र मलाच मिळाले.

क्योटो मी अजूनही पाहिलेले नाही. काशी मात्र दिवाळीच्या सुट्टीत पाहिली आणि त्याचे कारण आनंदाचे नव्हते. माझे आजोबा पावसाळ्यात गेले. ते मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. अस्थींचे विसर्जन नाशिकला रामकुंडात झाले, पण थोड्या अस्थी आजीने काशीसाठी राखून ठेवायला लावल्या. ‘‘आयुष्यभर काशीला जाऊ, काशीला जाऊ म्हणत राहिले. आता तरी नेऊ या,’’ असे ती म्हणाली. म्हणून आजी, बाबा आणि मी नाशिकरोडला महानगरी एक्सप्रेसमध्ये पहाटे चढलो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे वाराणसीला उतरलो.

पहिल्या दोन तासांत मला वाटले, माझे भाषण शंभर टक्के खरे होते. स्टेशनबाहेर दहा ई-रिक्षावाले एकदम अंगावर आले. जो तो हॉर्न वाजवत होता आणि थांबत कोणीच नव्हते. घाटाकडच्या गल्ल्या इतक्या अरुंद की दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागावेत. त्यात सायकल, मोटारसायकल, दुधाच्या किटल्या आणि बैल. होय, गाय नव्हे, चांगला वशिंडवाला बैल. भिंतीवर पानाच्या पिंका होत्याच. मी मनातल्या मनात माझ्या मुद्द्यांपुढे एकेक बरोबरची खूण करत होतो.

आमची उतरण्याची सोय ब्रह्माघाटाजवळ एका मराठी गुरुजींकडे होती. त्या भागात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरे आहेत. गुरुजी आमच्याशी मराठीत बोलत. मधूनच हिंदी शब्द येई, पण घरात आमटीचा वास आपलाच होता. काशीत मराठी माणूस नवा नाही हे मला पुस्तकातून ठाऊक होते. शिवाजी महाराजांचा १६७४ साली राज्याभिषेक करणारे गागाभट्ट काशीचे. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचा जन्म काशीचा. विश्वनाथाचे मंदिर १७८० साली पुन्हा बांधले ते अहिल्याबाई होळकरांनी. पण ‘पुस्तकात ठाऊक असणे’ आणि गुरुजींनी वही उघडून आमच्या गावाचे, आजोबांचे आणि खाली माझे नाव लिहिणे, यात फार फरक आहे. माझे नाव लिहिताना त्यांनी विचारले, ‘‘काय करतोस?’’ आजी म्हणाली, ‘‘मिलिटरी शाळेत आहे. शिस्तीचा आहे हो फार.’’ मी खाली पाहिले. का ते पुढे सांगतो.

दुपारी आम्ही गल्लीतून चाललो होतो. तीच ढकलाढकली, तेच हॉर्न. इतक्यात मागून ‘राम नाम सत्य है’ असा आवाज आला. मणिकर्णिकेकडे प्रेत चालले होते. कोणी शिट्टी वाजवली नाही, कोणी ‘बाजू व्हा’ म्हटले नाही. मोटारसायकलवाल्याने इंजिन बंद केले आणि गाडी भिंतीला लावली. कचोरीवाल्याने बाहेर आलेले बाक आत ओढले. जी गल्ली मला एक मिनिटापूर्वी बेशिस्त वाटत होती, तिने अर्ध्या मिनिटात रस्ता करून दिला. आमच्या परेड ग्राउंडवर उस्तादांच्या आवाजाशिवाय इतक्या लवकर दोन रांगा होत नाहीत. मणिकर्णिकेवर रात्रंदिवस चिता जळत असतात. लाकडे तराजूवर तोलून दिली जातात, डोम समाजातले लोक अग्नी सांभाळतात, आलेला प्रत्येक माणूस आपल्या पाळीची वाट पाहतो. हे सगळे शेकडो वर्षे चालले आहे. तिथे धूर आहे, राख आहे, गर्दी आहे, पण गोंधळ नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नावेतून अस्थी विसर्जनाला गेलो. कार्तिक महिना होता. पंचगंगा घाटावर उंच बांबूंना टोपल्या बांधलेल्या होत्या. त्यांत रात्री दिवे लावतात, त्यांना आकाशदीप म्हणतात. पूर्वजांची वाट उजळावी म्हणून ते लावायचे. देशासाठी प्राण दिलेल्या जवानांच्या नावानेही काशीत असे दिवे लावतात, हे गुरुजींकडून कळल्यावर आजीने दोन वेळा हात जोडले. क्योटोतही असेच काहीसे आहे. दर १६ ऑगस्टला शहराभोवतीच्या पाच डोंगरांवर मोठमोठे अग्नी पेटवून पूर्वजांच्या आत्म्यांना निरोप देतात. माझ्या भाषणाच्या टिपणांत हे होते, पण ‘मुद्द्याला उपयोग नाही’ म्हणून मी ते खोडले होते.

बाबांनी अस्थी सोडल्या. मी फुले सोडली. फुले ज्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून आणली होती तीही माझ्या हातातून त्यांच्याबरोबर पाण्यात चालली होती. मी मुद्दाम टाकत होतो असे नाही, पण टाकत नव्हतो असेही म्हणता येणार नाही. नावाड्याने हात पुढे केला. ‘‘बाबू, फूल जाने दो, पन्नी इधर दो.’’ त्याने ती फळीखालच्या गोणपाटात कोंबली. ते गोणपाट अशाच पिशव्यांनी अर्धे भरले होते. मी विचारले, ‘‘नगरपालिकेचा नियम आहे का?’’ तो हसला. म्हणाला, नियम असेल तर असेल, पण पिशवी मोटारीच्या पंख्यात अडकते आणि मग दिवसाची कमाई जाते, शिवाय गंगामैयात पन्नी कशाला टाकायची? ‘नदीत निर्माल्य’ म्हणून टाळ्या घेणारा मी, आणि पिशवी काढून घेणारा तो. माझे भाषण त्याने ऐकले नव्हते हे माझे नशीब.

त्याच दिवशी दुपारी सारनाथला गेलो. तिथे मूलगंधकुटी विहार नावाचे बौद्ध मंदिर आहे. ते १९३१ साली उघडले. आतल्या भिंतींवर गौतम बुद्धांच्या आयुष्यातील प्रसंग रंगवले आहेत, ते कोसेत्सु नोसू या जपानी चित्रकाराने १९३२ ते १९३६ या काळात. म्हणजे काशी-क्योटो करार होण्याच्या कितीतरी आधी एक जपानी माणूस इथे येऊन काही वर्षे भिंती रंगवत राहिला होता. माराचे सैन्य बुद्धांवर चालून येते ते चित्र मी बराच वेळ पाहिले. सैन्य केवढे, आणि मधला माणूस नुसता बसला आहे.

बाहेर आलो तेव्हा पायऱ्यांशी एक गोष्ट दिसली. आत जाताना आम्ही पादत्राणे काढली होती. माझा एक बूट इकडे, एक तिकडे पडला होता, आणि आजीच्या चपलांवर कोणाचा तरी पाय पडून त्या उलट्या झाल्या होत्या. आमच्यामागून जपानी प्रवाशांचा एक गट आला होता, बहुतेक म्हातारी माणसे. त्यांचे बूट एका रेषेत होते आणि टोके बाहेरच्या दिशेला, म्हणजे निघताना सरळ पाय घालता यावेत. त्यातली एक वयस्कर बाई खाली वाकली होती. तिने स्वतःचे बूट लावून झाल्यावर आजीच्या चपला सुलट्या केल्या, त्याही बाहेर तोंड करून ठेवल्या, मग माझे बूट जोडीने ठेवले आणि आत गेली. आमच्याकडे तिने पाहिलेही नाही. ते बूट कोणाचे हे तिला माहीत असण्याचे कारण नव्हते.

आजी चपला घालत म्हणाली, ‘‘तुझे आजोबा असेच करायचे.’’

आता मी खाली का पाहिले होते ते सांगतो. आजोबा बेळगावच्या सेंटरमध्ये अंथरुणाची घडी घालायला शिकले. निवृत्त होऊन त्यांना तीस वर्षे झाली होती, तरी रोज पहाटे पाचला उठून ते घोंगडीची घडी घालत, चारही कोपरे जुळवून. ती पाहायला कोणी सुभेदार येत नव्हता. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी गेलो तेव्हा ते आजारी होते. मी साडेआठला उठायचो आणि पांघरूण तसेच टाकून द्यायचो. एकदा ते खाटेवरूनच म्हणाले, ‘‘बाळा, तेवढी घडी घाल.’’ मी म्हणालो, ‘‘आजोबा, सुट्टी आहे. इथे कुठे इन्स्पेक्शन आहे?’’ ते काही बोलले नाहीत. दुपारी पाहिले तर माझ्या पांघरुणाची घडी झालेली होती. ती कोणी घातली हे मी विचारले नाही. त्यानंतर मी शाळेत परत आलो आणि पुढच्या वेळी घरी गेलो तो तिसऱ्या दिवसाच्या विधीला.

माझे मत असे बनले आहे. शिस्तीचे दोन प्रकार आहेत. एक पाहणाऱ्यासाठी, एक मागून येणाऱ्यासाठी. माझ्या बुटात तोंड दिसते, कारण उस्ताद पाहणार असतात. त्या बाईंनी बूट लावले, कारण मागून कोणीतरी ते घालणार होते. नावाड्याने पिशवी काढली, कारण मागून त्याचीच नाव येणार होती. आजोबांची घोंगडी दुसऱ्या जातीची होती. माझी बॅरकमधली चादर अजून पहिल्या जातीची आहे. वादस्पर्धेत मी जपान आणि काशी यांच्यामध्ये रेघ ओढली होती. ती रेघ चुकीच्या जागी होती. ती दोन देशांमधून जात नाही, ती माझ्या शाळेतल्या सोमवार आणि घरातल्या सुट्टीमधून जाते. माझी आई हे वाचून म्हणेल, ‘‘मी हेच सांगत होते, ताट उचलून ठेव म्हणून.’’ ती बरोबर आहे.

परत आल्यावर मी पुन्हा लायब्ररीत गेलो. क्योटोची एक जुनी रीत वाचायला मिळाली. तिथे सकाळी लोक आपल्या दारापुढचा रस्ता झाडतात आणि झाडताना हद्दीपलीकडे शेजाऱ्याच्या दारातलेही थोडे झाडतात. फार नाही, हातभरापेक्षा कमीच. अजिबात झाडले नाही तर माणूस तुसडा ठरतो आणि सगळेच झाडले तर शेजाऱ्याला ओशाळवाणे होते. मला हे फार आवडले, कारण आपल्याकडेही सडा-संमार्जन आहेच. आजी रोज अंगण झाडते. पण झाडलेला कचरा आपण पुष्कळदा हद्दीपलीकडे लोटतो. हाच काय तो हातभराचा फरक. आणि असेही नाही की आपल्यात ती हातभर झाडणारी माणसे झालीच नाहीत. अहिल्याबाईंची राजधानी नर्मदेकाठी महेश्वरला. काशी त्यांच्या राज्यात नव्हती. तरी त्यांनी तिथे मंदिर बांधले. पंचगंगा घाटावरचा हजार दिव्यांचा दगडी स्तंभही त्यांच्याच नावाने सांगतात. दुसऱ्याच्या दारात इतके करणारी बाई आपल्याच इतिहासात आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. जपानी माणसे जन्मतःच अशी असतात असे मानणे खोटे ठरेल. मिनामाता गावात एका कारखान्याने समुद्रात पारा सोडला आणि मासे खाणारी माणसे लुळी पडली, मेली. तो आजार १९५६ साली अधिकृतपणे नोंदला गेला. त्यानंतर लोक वर्षानुवर्षे भांडले. १९७० साली जपानच्या संसदेने एकाच अधिवेशनात प्रदूषणाविषयीचे १४ कायदे केले, तेव्हा कुठे नद्या सुधारू लागल्या. म्हणजे सवय हवी तसा कायदाही हवा. काशीतही नुसत्या नावाड्याच्या गोणपाटाने गंगा स्वच्छ होणार नाही, सांडपाणी शुद्ध करावेच लागेल. रुंद रस्ताही वाईट नाही. विश्वनाथाकडे जाणारी नवी मोठी वाट आजीच्या गुडघ्यांना बरी पडली, हे मी डोळ्यांनी पाहिले. तिथे अहिल्याबाईंचा पुतळा आहे, त्याच्यापुढे ती जरा वेळ टेकली. पण काशीचे क्योटो करायचे म्हणजे गल्ल्या पाडायच्या आणि भिंती रंगवायच्या एवढेच मनात असेल, तर ते सोमवारच्या इन्स्पेक्शनसारखे होईल. साहेब येऊन गेले की मंगळवारी पुन्हा तेच.

मी हे आमच्या उस्तादांना बोलून दाखवले. ते म्हणाले, ‘‘शिस्त आधी हुकमाने येते, मग सवयीने, मग स्वभावाने. तुझे आजोबासुद्धा पहिल्या दिवशी हुकमानेच घडी घालायला शिकले असतील.’’ हे खरे आहे आणि मला मान्य आहे. इन्स्पेक्शन बंद करा असे मी म्हणत नाही. आठवीतल्या मुलांना ते हवेच. पण हुकमातून सवयीकडे आणि सवयीतून स्वभावाकडे आम्ही सरकलो की नाही, हे कळणार कसे? जोपर्यंत दर सोमवारी पॉइंट मिळतात तोपर्यंत ते आम्हालाही कळत नाही आणि शिक्षकांनाही नाही.

म्हणून माझी एक नम्र सूचना आहे. दहावीच्या बॅरकमध्ये महिन्यातून एक सोमवार इन्स्पेक्शन होऊ नये. पॉइंट नकोत, शिक्षा नको, ट्रॉफी नको. उस्तादांनी दुपारी फक्त एक फेरी मारावी आणि काही न बोलता निघून जावे. बॅरक विस्कटलेली दिसली तर ती आमची खरी परीक्षा समजावी. पहिल्या वेळी आम्ही बहुतेक नापास होऊ, मीसुद्धा. पण निदान आपण कुठे उभे आहोत ते समजेल.

पुढच्या वर्षी तोच विषय पुन्हा आला तर मी कोणत्या बाजूने बोलेन ते अजून ठरलेले नाही. सध्या एवढेच ठरवले आहे की मेसच्या दारात चपला काढताना आपल्या नीट लावायच्या आणि शेजारची एक जोडीही. हे मी आठवडाभर करतो आहे. दोनदा विसरलो. एकदा माझ्या चपला मी न लावताच नीट लावलेल्या सापडल्या. कोणी लावल्या ते मी विचारले नाही, पण या वेळी न विचारण्याचे कारण वेगळे होते.